पगारातून ईएसआय कापत होते, आता नोकरी गेली: बेकारी भत्ता कसा मिळवायचा

कारखान्यात, दुकानात, खासगी हॉस्पिटलात किंवा ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्यांना पगाराच्या पावतीवरची ‘ईएसआय’ची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, ओळ ओळखीची असते. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये कापले जातात आणि त्या बदल्यात दवाखाना मिळतो, असे बहुतेक जण धरून चालतात. नोकरी गेल्यावर याच विम्यातून रोख पैसे मिळू शकतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांनाही ते उशिरा कळलेले असते, नको त्या कागदावर सही करून झाल्यावर.

म्हणून मुद्दा आधीच सांगतो. दाव्याचा निकाल ऑनलाइन अर्ज भरताना क्वचितच लागतो. नोकरी गेली त्या आठवड्यात तुम्ही कशावर सही केली आणि मालकाने तुमचे नाव कमी करताना कोणते कारण नोंदवले, त्यावर बहुतेक वेळा तो आधीच लागलेला असतो. पुढचे सगळे वाचताना हे डोक्यात ठेवा.

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा आणि योजना प्रत्यक्ष सुरू झाली फेब्रुवारी १९५२ मध्ये, कानपूर आणि दिल्लीत. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात हे सगळे तिच्यात सुरुवातीपासून होते. बेकारी मात्र नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि गिरणगावातली हजारो घरे उघड्यावर आली. त्या काळात विमाधारक कामगारालाही नोकरी गेल्याबद्दल या विम्यातून एक रुपया मिळण्याची सोय नव्हती. बेकारी भत्ता आला १ एप्रिल २००५ ला. ज्यांना तो सर्वात जास्त हवा होता त्यांच्या हाती तो लागला नाही, ही बोचणारी गोष्ट आहे. आज तो आहे, तर निदान आजच्या कामगाराने तो सोडू नये.

दोन योजना आहेत, आणि त्यांतला फरक लाखाचा आहे

पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. २००५ ची ती हीच. कारखाना किंवा आस्थापना बंद पडली, कामगार कपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर ही लागू होते. भत्ता जास्तीत जास्त २४ महिने मिळतो. पहिल्या १२ महिन्यांत शेवटच्या सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के, पुढच्या १२ महिन्यांत २५ टक्के. शिवाय स्वतःला आणि कुटुंबाला दवाखाना चालू राहतो, आणि नवे कौशल्य शिकायचे असेल तर प्रशिक्षणाची फी व प्रवासखर्च ही योजना चालवणारे कर्मचारी राज्य विमा महामंडळ (ईएसआयसी) देते.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ही १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक म्हणून आली. तेव्हा २५ टक्के दराने ९० दिवसांचा भत्ता होता आणि तीन महिने बेकार राहिल्याशिवाय दावा करता येत नव्हता. करोनाच्या टाळेबंदीनंतर ऑगस्ट २०२० मध्ये महामंडळाने नियम सैल केले. दर ५० टक्के झाला, वाट पाहण्याचा काळ ३० दिवसांवर आला आणि कामगाराला मालकाच्या मार्फत न जाता थेट दावा करता येऊ लागला. तेव्हापासून मुदत वाढवत वाढवत योजना चालू ठेवली गेली आहे. २०२४ मध्ये ती ३० जून २०२६ पर्यंत वाढवली होती. मुदतीवर चालणारी योजना असल्यामुळे तुमची नोकरी गेल्याची तारीख चालू मुदतीत बसते का, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात पहिल्याच फेरीत विचारून घ्या.

अटल योजनेचे नाव जास्त ऐकू येते, म्हणून लोक सरसकट तिचाच अर्ज भरतात. इथे थांबून विचार करायला हवा. १५,००० रुपये पगार असलेल्या कामगाराचे उदाहरण घेऊ. अटल योजनेत त्याला एकदाच सुमारे २२,००० रुपये मिळतील. त्याचा कारखाना बंद पडल्याचे किंवा कपात झाल्याचे कागदावर सिद्ध होत असेल आणि तो राजीव गांधी योजनेत बसत असेल, तर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण साडेसात हजार आणि दुसऱ्या वर्षी पावणेचार हजार, म्हणजे पूर्ण काळ बेकार राहिल्यास ढोबळमानाने १,३५,००० रुपये. कारखाना बंद होऊन किंवा कपातीत बाहेर पडलेल्यांनी खिडकीवर आधी राजीव गांधी योजनेबद्दल विचारावे, तिथे बसत नसेल तरच अटलकडे वळावे. दोन्हीचे पैसे एकाच काळासाठी मिळत नाहीत.

पहिल्या योजनेला पुरावा कडक लागतो. कपातीचे पत्र, बंदीची नोटीस, मालकाचा दाखला असे काहीतरी हातात हवे. संप किंवा मालकाने पुकारलेल्या टाळेबंदीमुळे थांबलेले काम म्हणजे कपात नव्हे, स्वेच्छानिवृत्ती म्हणजेही नव्हे. दुसरीला पुरावा कमी लागतो, म्हणून कंत्राटी कामगारांपैकी बहुतेकांच्या उपयोगाची तीच आहे.

तुम्ही यात बसता का

सगळ्यात आधी, तुम्ही ईएसआयमध्ये असायला हवे. पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आहे, अपंग कामगारांसाठी २५,०००. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १५,००० पगारावर तुमचे ११३ रुपये, मालकाचे ४८८. घरकामगार, फेरीवाले, शेतमजूर, रिक्षाचालक यांना ही योजना नाही. २१,००० च्या वर पगार असलेल्या आयटीतल्या किंवा बँकेतल्या नोकरदारालाही सरकारी बेकारी विमा नाही. त्यांच्यासाठी पीएफ, ग्रॅच्युइटी आणि नुकसानभरपाई एवढेच उरते, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

अटल योजनेच्या अटी नीट वाचा, कारण अर्ज फेटाळले जातात ते याच ठिकाणी.

नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षे तुम्ही विमायोग्य नोकरीत असायला हवे. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. त्याआधीच्या तीन वर्गणी काळांपैकी कोणत्याही एकातही किमान ७८ दिवसांची हवी.

वर्गणी काळ म्हणजे काय, हे समजल्याशिवाय हा हिशेब लागत नाही. ईएसआयचे वर्ष दोन तुकड्यांत चालते: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. समजा तुमचे काम १० ऑक्टोबर २०२५ ला सुटले. तर एप्रिल ते सप्टेंबर २०२५ या काळात ७८ दिवस भरलेले हवेत. त्याखेरीज ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४, एप्रिल ते सप्टेंबर २०२४, ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या तीनपैकी एकात ७८ दिवस हवेत. ठेकेदार मध्येच ‘ब्रेक’ देतो त्यांना या सैल अटीचा मोठा आधार आहे. पूर्वी चारही काळांत ७८-७८ दिवस लागत, त्यामुळे ब्रेक मिळालेला कामगार थेट बाहेर पडायचा.

गैरवर्तनाच्या शिक्षेने काढले असेल, वयोमानाने निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर हा भत्ता नाही. दोन मालकांकडे काम करत असाल तर दोन्हीकडचे काम सुटल्याशिवाय तुम्ही बेकार धरले जात नाही. आणि हा लाभ आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांचा.

किती पैसे मिळतील, हे आधी स्वतः काढा

अटल योजनेतली रोजंदारी काढायची रीत साधी आहे. नोकरी जाण्याआधीच्या चार वर्गणी काळांत, म्हणजे दोन वर्षांत, ईएसआयकडे नोंदलेली तुमची एकूण कमाई घ्यायची आणि तिला ७३० ने भागायचे. आलेल्या आकड्याच्या निम्मे रोजचे, गुणिले ९०.

दोन वर्षे सलग १५,००० मिळाले तर एकूण ३,६०,०००. भागिले ७३० म्हणजे रोजचे ४९३ रुपये १५ पैसे. निम्मे २४६ रुपये ५८ पैसे. ९० दिवसांचे २२,१९२ रुपये.

भागाकार नेहमी ७३० नेच होतो, तुम्ही तेवढे दिवस काम केले असो वा नसो. त्याच पगारावर ब्रेकमुळे दोन वर्षांत १६ महिनेच काम झाले असेल, तर एकूण २,४०,००० आणि हाती येणारी रक्कम साधारण १४,८००. ‘पगाराच्या निम्मे मिळणार’ असे ऐकून आलेल्या माणसाला कमी रक्कम दिसते आणि आपल्याला फसवले असे वाटते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. काही ठिकाणी कागदावर १०,००० पगार दाखवतात आणि वरचे ६,००० पाकिटातून देतात. कामगारालाही ते बरे वाटते, कारण कपात कमी होते. पण भत्ता मोजला जातो तो कागदावरच्या पगारावर. खऱ्या १६,००० वर सुमारे २३,७०० मिळाले असते, तिथे १४,८०० मिळतात. महिन्याला ४५ रुपये वाचले आणि गरजेच्या वेळी नऊ हजार गेले. आजारपणाची भरपाई, बाळंतपणाचा लाभ, अपघाताचे पेन्शन हे सगळेही याच कागदी पगारावर ठरते. आज नोकरीत असलेल्यांनी हा परिच्छेद वाचून आपली पावती तपासावी.

पहिला आठवडा

काम सुटल्याचे कळते त्या दिवशी माणूस गोंधळलेला असतो. गेटवर कार्ड चालत नाही, सुपरवायझर म्हणतो उद्यापासून येऊ नका. मग ऑफिसात बोलावून एक छापील कागद पुढे करतात: ‘मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.’ सही केल्याशिवाय फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, मिळणार नाही, असेही सांगतात.

त्या कागदावर सही करू नका. राजीनामा म्हणजे तुम्ही स्वतःहून काम सोडले. मग कपातीची भरपाई जाते, राजीव गांधी योजना जाते आणि अटल योजनेचा दावाही अडकू शकतो. राहिलेला पगार तुम्ही केलेल्या कामाचा आहे, राजीनाम्याच्या बदल्यात मिळणारे ते बक्षीस नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार काढून टाकल्यावर, कपात झाल्यावर किंवा राजीनामा दिल्यावरही राहिलेले वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचे असते. तसे ठामपणे सांगा. दबाव फारच असेल तर ‘घरी विचारून उद्या येतो’ म्हणून बाहेर पडा. रात्रीतून शांतपणे विचार होतो, युनियनच्या माणसाला किंवा वकिलाला फोन करता येतो.

त्यानंतर लगेच करायचे काम म्हणजे काढल्याचा लेखी पुरावा उभा करणे. कंपनी पत्र देत नसेल तर तुम्ही द्या: ‘अमुक तारखेपासून मला कामावर घेतलेले नाही, मी काम करायला तयार आहे, काढण्याचे कारण लेखी कळवावे.’ हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर ‘उद्यापासून येऊ नको’ असे लिहिले असेल तर स्क्रीनशॉट काढा. ग्रुपमधून काढून टाकण्याआधी हजेरीचे, शिफ्टचे मेसेजही साठवून ठेवा.

मालक नोंदवतो ते कारण हा यातला सर्वात दुर्लक्षित भाग. दर महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, आणि ती भरताना ज्या कामगाराचे दिवस शून्य आहेत त्याच्यासमोर मालकाला कारण निवडावे लागते. यादीत ‘नोकरी सोडली’, ‘निवृत्त’, ‘कपात’, ‘काम नाही’, ‘संप किंवा टाळेबंदी’ असे पर्याय असतात. ऑफिसातला क्लार्क घाईत पहिल्यांदा सुचेल ते निवडतो, आणि त्याच्या एका क्लिकने तुमचा दावा उभा राहतो किंवा पडतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात एचआरला लेखी कळवा की नोंद ‘कपात’ अशीच व्हावी. कंत्राटी असाल तर हे पत्र ठेकेदाराला आणि मूळ कंपनीला, दोघांनाही द्या.

दावा करण्याच्या पायऱ्या

१. आयपी नंबर शोधा. हा विमाधारकाचा दहा आकडी क्रमांक. ई-पहचान कार्डावर असतो, बऱ्याच ठिकाणी पगाराच्या पावतीवरही असतो. कार्ड कधी मिळालेच नसेल तर आधार घेऊन शाखा कार्यालयात जा, म्हणजे कामगार ज्याला ‘ईएसआयचं लोकल ऑफिस’ म्हणतात तिथे.

२. ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून खाते उघडा. मोबाइलवर सरकारच्या उमंग ॲपमधूनही स्वतःची नोंद पाहता येते. आत गेल्यावर अर्जाकडे धावू नका, आधी वर्गणीचा तपशील उघडा. प्रत्येक महिन्यासमोर किती दिवस आणि किती पगार नोंदला आहे ते पाहा आणि पगाराच्या पावत्यांशी ताडून घ्या. एखादा महिना गायब असेल, म्हणजे पगारातून कापले पण भरले नाही, तर ती वेगळी आणि गंभीर तक्रार आहे. पावती आणि बँकेचे स्टेटमेंट जोडून शाखेत लेखी द्या.

३. आधार, मोबाइल आणि बँक खाते जुळवा. आधारवरचे नाव, ईएसआयमधले नाव आणि पासबुकावरचे नाव एकसारखे हवे. आडनावाआधी वडिलांचे नाव येणे-न येणे, लग्नानंतर बदललेले नाव, जन्मतारखेत फक्त वर्ष असणे, अशा गोष्टींवर आपल्याकडे किती दावे अडतात याची मोजदाद नाही. ही दुरुस्ती नोकरीत असताना मालकाकडून चुटकीसरशी होते, नोकरी गेल्यावर तिला हेलपाटे लागतात. सॅलरी अकाउंट बंद होणार असेल तर दुसरे चालू खाते द्या.

४. ३० दिवस पूर्ण होऊ द्या. नोकरी गेल्याच्या तारखेपासून ३० दिवसांनी दावा देय होतो. तोवर मालकाची पुढची वर्गणी भरण्याची तारीखही येऊन जाते आणि तुमचे नाव कमी झाल्याची नोंद दिसू लागते. पुढच्या, अजून न उलटलेल्या दिवसांसाठी आगाऊ दावा करता येत नाही. उलट बाजूने फार उशीरही करू नका, वर्ष उलटण्याच्या आत दावा गेलाच पाहिजे.

५. अर्ज भरा. लॉगिन केल्यावर अटल योजनेच्या दाव्याचा पर्याय दिसतो. बेकारीचा काळ, बँकेचा तपशील भरा. आधार आणि पासबुकाचे पान किंवा रद्द केलेला चेक अपलोड करा. पूर्वी वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचे, नोव्हेंबर २०२० मध्ये ती अट काढली गेली. कागद अपलोड करता आले नाहीत तर अर्जाची प्रिंट काढून, सही करून, कागदपत्रांसह शाखा कार्यालयात पोस्टाने किंवा हाताने द्यायची.

६. प्रिंट हातात ठेवा, आणि जमल्यास एकदा स्वतः शाखेत जाऊन या. ऑनलाइन अर्ज पुरेसा असला तरी खिडकीवरच्या माणसाने कागद पाहिले की कमी काय आहे ते तिथेच कळते. द्याल त्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत सोबत नेऊन तिच्यावर आवक शिक्का घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हा शिक्काच कामाला येतो.

७. पैसे थेट खात्यात येतात. दावा मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम देण्याचे महामंडळाने ठरवलेले आहे. मधल्या काळात नवीन काम लागले तर बेकार होतात तेवढ्याच दिवसांचे पैसे मिळतात. नवे काम लपवू नका, नव्या मालकाने वर्गणी भरली की ते आपोआप दिसते. दाव्याच्या काळात विमाधारकाचा मृत्यू झाला तर देय रक्कम वारसाला मिळते. घरच्यांनी हे लक्षात ठेवावे.

या सगळ्याला सरकारी फी एक पैसाही नाही. औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या नेट कॅफेत ‘ईएसआयचे पैसे काढून देतो, वीस टक्के द्या’ म्हणणारे भेटतात. अर्ज भरून देण्याची वाजवी मजुरी देणे वेगळे. पण ओटीपी, एटीएम कार्ड किंवा कोरा सही केलेला चेक कुणालाही देऊ नका.

दावा अडकला तर

पहिले उत्तर तोंडी घेऊ नका. ‘तुमचं होत नाही’ असे खिडकीवर सांगितले तर नम्रपणे कारण लेखी मागा. नेमकी कोणती अट पूर्ण होत नाही हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. दिवस कमी पडत असतील तर पगाराच्या पावत्या काढा. बाहेर पडण्याचे कारण चुकीचे नोंदले असेल तर तुम्ही पाठवलेले पत्र, पोस्टाची पावती, स्क्रीनशॉट दाखवा आणि शाखा व्यवस्थापकाला मालकाकडून खुलासा मागवण्याची लेखी विनंती करा. मालकाने सहकार्य केले नाही म्हणून दावा आपोआप मरत नाही. थेट दाव्याची सोय त्यासाठीच केली आहे.

शाखेत भागले नाही तर महामंडळाचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ आहे. केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर तक्रार टाकली की नोंदणी क्रमांक मिळतो आणि संबंधित कार्यालयाला उत्तर द्यावे लागते. त्याच्या वर विभागीय कार्यालय. मुंबईत ते लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर आहे, पुण्याचे उपविभागीय कार्यालय बिबवेवाडीत, गोव्याचे पणजीत. नियम सगळीकडे एकच, वाळूज असो, बुटीबोरी असो की वेर्णा. त्यातूनही न्याय मिळाला नाही तर विम्याच्या वादांसाठी कर्मचारी विमा न्यायालय आहे. तिथपर्यंत फार कमी प्रकरणे जातात, पण तो हक्क कायद्याने दिलेला आहे.

भत्त्याशिवाय तुमचे आणखी काय येणे आहे

बावीस हजारांत तीन महिने निघत नाहीत, हे सांगायला नको. म्हणून बाकीची येणीही त्याच आठवड्यात मागायला हवीत.

कपातीची भरपाई ही त्यांतली मोठी रक्कम. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला काढायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेने त्यात एक भर घातली: कपात झालेल्या कामगाराच्या नावे मालकाने १५ दिवसांच्या शेवटच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत द्यायची आणि ती कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांत जमा व्हायची. नवीन आहे, त्यामुळे एचआरलाही आठवण करून द्यावी लागेल. ठराविक मुदतीचा करार संपला तर ती कपात धरली जात नाही, हे मात्र खरे.

ग्रॅच्युइटी पाच वर्षे सलग नोकरीनंतर, प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतरही ती मिळू शकते.

पीएफबद्दल जपून. नोकरी गेल्या गेल्या सगळा काढून टाकण्याची घाई होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला की बेकार सदस्याला ७५ टक्के लगेच काढता यावेत, उरलेले २५ टक्के मात्र बारा महिन्यांनी. पेन्शनची रक्कम काढण्यासाठी ३६ महिने थांबायचे. लागेल तेवढेच काढा. नोकरी पाच वर्षांहून कमी असेल तर काढलेल्या रकमेवर करही लागू शकतो. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर तुम्हाला स्वतः टाकता येते.

दवाखाना चालू असतो, आणि नव्या नोकरीत एक काळजी

नोकरी गेली की ईएसआयचा दवाखाना त्याच दिवशी बंद झाला, असे समजून लोक खासगीत पैसे घालतात. तसे नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभकाळ, म्हणजे उपचार मिळण्याचा काळ, मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. अटल योजनेचा भत्ता चालू असेल त्या काळातही उपचार मिळतात. घरात कुणाची शस्त्रक्रिया, डायलिसिस किंवा बाळंतपण ठरलेले असेल तर आपला लाभकाळ कधी संपतो हे पोर्टलवर पाहून घ्या आणि त्याच्या आत उपचार सुरू करा.

नवीन काम लागले की पहिल्याच दिवशी जुना आयपी नंबर आणि यूएएन लिहून द्या. ठेकेदाराचा माणूस घाईत नवा नंबर काढतो, आणि तुमची आधीची सगळी वर्गणी जुन्या नंबरवर अडकून पडते. नव्या नंबरवर दोन वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दोन नंबर झालेच असतील तर ते जोडून घेण्याचा अर्ज शाखा कार्यालयात द्या, आणि तो नोकरीत असतानाच द्या.